पावती बाईच्या नावाने

जयपुरात वाढलेल्या आमच्या पिढीच्या मराठी घरांत राजकारणाची पावती नेहमी बाईच्या नावाने फाडली जायची. आजीच्या, आईच्या, क्वचित लग्न न झालेल्या आत्याच्या. पुरुषमाणसाचे नाव त्या कागदावर यायचे नाही. यामागे स्त्रीदाक्षिण्य वगैरे काही नव्हते. वडील मंडळी बहुतेक सरकारी नोकर. कोणी महालेखापालांच्या कचेरीत, कोणी रेल्वेत, कोणी टपाल-तार खात्यात, कोणी सरकारी कॉलेजात शिकवायला. सरकारी नोकराने राजकीय पक्षाचे सभासद व्हायचे नाही, प्रचारात उतरायचे नाही आणि पक्षाला वर्गणीही द्यायची नाही, असा नियम. केंद्र सरकारच्या १९६४ च्या आचरण नियमांत तो पाचव्या क्रमांकावर आहे, आणि आमच्या बाबांना तो तोंडपाठ होता. दारात पावतीपुस्तक घेऊन कोणी उभे राहिले की बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून आत हाक मारायचे, "अगं, तुझ्याकडे कोणीतरी आलंय!" मग आई पदराला हात पुसत बाहेर यायची, आणि आमच्या घराचे राजकीय मत काय आहे ते पुढच्या दोन मिनिटांत ठरायचे.

पैसे यायचे तुरीच्या डाळीच्या डब्यातून. हे सगळ्यांच्याच घरी होते. बापूनगरला गेलो, बनीपार्कला गेलो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलो तरी डबा तोच. फार तर कुणाकडे मुगाच्या डाळीचा. महिन्याच्या हिशेबात न बसणारी रक्कम त्यात असायची आणि ती कशासाठी काढायची हे बाबांना विचारायची पद्धत नव्हती. आज इतक्या वर्षांनी वाटते, की आपल्या आयांचे खरे राजकारण मतपेटीपेक्षा त्या डब्यातून चालत होते. मत देताना बाबा बरोबर असायचे, काय करायचे ते रस्त्यात सांगायचे. डब्याजवळ ते कधी नसायचे.

जयपूर आणि मराठी माणूस यांचा पैशाचा संबंध तसा जुना, आणि फारसा अभिमानाने सांगावा असा नाही. सवाई जयसिंगांच्या काळात इथे आलेले मराठी लोक विद्वान होते. जगन्नाथ सम्राट वेधशाळेच्या कामात राजाच्या जवळचे, रत्नाकर पुंडरीक राजाचे गुरू; ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली अजून दाखवतात. त्यानंतर आले ते होळकर-शिंद्यांचे घोडेस्वार, आणि ते ज्ञान द्यायला आले नव्हते. त्यामुळे आमच्यापैकी कोणी गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी शेजारच्या शेखावतांच्या किंवा खंडेलवालांच्या घरी गेले की आतून हमखास आवाज यायचा, "मराठे आये हैं, चौथ लेने!" आणि सगळे हसायचे. शेजारणी पाच रुपये द्यायच्या, वर घेवराचा तुकडा हातावर ठेवायच्या. चौथाईची एवढी गोड भरपाई इतिहासात दुसऱ्या कोणी केली नसेल.

वर्गणी कशी मागावी आणि कशी द्यावी याचे आमचे पहिले शिक्षण आजीकडून झाले. ती बडोद्याची. तिच्या लहानपणी अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड घरोघर गेलेला. दर माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या पैशा-पैशातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. आजीला त्या कारखान्याचा इतका अभिमान, की घरात काचेची बरणी फुटली तरी "आपल्या पैशाची होती हो" म्हणून हळहळायची. बरणी तिथली असेलच असे नाही. दुसरी गोष्ट टिळक स्वराज्य फंडाची. १९२१ च्या जूनअखेर एक कोटी रुपये जमवायचे गांधीजींनी ठरवले आणि जमले. त्यात मोठा वाटा मुंबईच्या शेठ लोकांचा होता, पण आजीच्या गोष्टीत शेठ नसायचेच. तिच्या गोष्टीत तिची पुण्याची मावशी असायची, जिने भरसभेत हातातली पाटली काढून दिली आणि घरी येऊन सासूला सांगितले की नळावर पडली.

"मग सासू काय म्हणाली?" आम्ही दर वेळी विचारायचो.

"म्हणाली, दुसरी सांभाळ. पुढच्या सभेला लागेल."

या स्वराज्य फंडाचा हिशेब ठेवणारे जमनालाल बजाज. काँग्रेसचे अनेक वर्षांचे खजिनदार. महाराष्ट्र त्यांना वर्ध्याचे म्हणून ओळखतो, पण त्यांचा जन्म सीकरजवळच्या काशी का बास या गावचा, म्हणजे जुन्या जयपूर संस्थानातला. वर्ध्याला दत्तक गेलेला हा मुलगा पुढे जयपूर राज्य प्रजामंडळाचा अध्यक्ष झाला आणि १९३९ मध्ये बंदी मोडून संस्थानात शिरला म्हणून पकडला गेला. आमच्या बाबांच्या पिढीला जयपुरात नोकरी मिळाली तेव्हा "परप्रांतात चाललास" म्हणून घरचे हळहळत होते. त्यावर बाबांचे ठरलेले उत्तर, "जमनालालजींच्या बदल्यात जयपूरने मला मागवलंय." बरोबरीचा सौदा नव्हता, पण ऐकायला बरा वाटायचा.

स्वातंत्र्यानंतर मतदार झालेल्या माणसांना मत आणि दान यांतला फरक लगेच कळला नव्हता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दर उमेदवाराची वेगळी पेटी असायची, बाहेर चिन्ह चिकटवलेले. मोजणीला त्या पेट्या उघडल्या तेव्हा मतपत्रिकांबरोबर नाणी निघाली, नोटा निघाल्या, चिठ्ठ्या निघाल्या. काही ठिकाणी लोकांनी पेटीची पूजाच केली होती. आम्ही शाळेत हे ऐकले तेव्हा खेडूत लोकांचे अज्ञान म्हणून हसलो. आता हसू येत नाही. पेटीत दिसतेय ते आपले काहीतरी आहे, रिकाम्या हाताने कसे जायचे, हा विचार त्या माणसांना सुचला होता.

आमच्या स्वतःच्या आठवणी सुरू होतात १९६२ पासून. महाराणी गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षातर्फे जयपूरहून लोकसभेला उभ्या राहिल्या. राजाजींनी तीन वर्षांपूर्वी काढलेला पक्ष, चिन्ह तारा. सगळे शहर वेडे झाले होते. आम्हा पोरांना पक्षबिक्ष काही कळत नव्हते, आम्ही बिल्ल्यांच्या मागे. ताऱ्याचा एक बिल्ला दिला तर जनसंघाचे दोन दिवे मिळायचे आणि काँग्रेसच्या बैलजोडीला त्या हंगामात कोणी विचारत नव्हते. शर्टाच्या आतल्या बाजूला तिन्ही लावून आम्ही फिरायचो आणि ज्याची जीप येईल त्याचा बिल्ला बाहेर काढायचो. पुढे आमच्यापैकी एक-दोघे खरोखर राजकारणात गेले, त्यांना हा सराव उपयोगी पडला असावा.

आजी मात्र गंभीर होती. तिने गायत्रीदेवींना आपला जाहीर पाठिंबा दिला, म्हणजे अंगणात खाट टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. तिचे कारण स्वतंत्र पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडले नसते. "अरे, ती आपल्या सयाजीमहाराजांची नात. इंदिराराजेंची मुलगी. इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलं होतं, ते त्यांनी स्वतः मोडलं आणि कूचबिहारला दिलं मन. त्या काळात! अशा आईची मुलगी दिल्लीत गेलेली बरी." बडोद्यात सक्तीचे शिक्षण १९०६ मध्ये आले, त्या शाळेत आजी चार बुकं शिकली होती. ते ऋण ती जयपुरात फेडत होती. बाबा म्हणायचे, "अगं पण त्यांची धोरणं?" आजी म्हणायची, "धोरण तुझं तू बघ, मी घराणं बघते."

समोरच्या घरातल्या माँसा राजपूत. त्यांचा पाठिंबा अर्थातच राजवाड्याला. पण त्यांनाही आजीचा हा माहेरचा पुरावा इतका आवडला, की गल्लीत बायका जमल्या की त्या आजीला बोलवायच्या, "काकीसा, वो बड़ौदे वाली बात सुनाओ।" आज ज्याला मोठ्या व्यक्तीचा पाठिंबा म्हणतात, वर्तमानपत्रात पानभर छापतात, तो आमच्या गल्लीत असा खाटेवर बसून दिला गेला. निकाल लागला तेव्हा २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ एकट्या महाराणींना. गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. आजीने त्यातली काही मते आपल्या खात्यावर धरली होती, आणि तिला कोणी अडवले नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही आम्हाला खटकली होती. राजवाड्याचा प्रचार आमच्या दारी कधी पैसे मागायला आला नाही. जीप आली, पत्रके आली, हात जोडणारी माणसे आली. पावतीपुस्तक आले नाही. आईने डाळीच्या डब्यातून काढून ठेवलेले दोन रुपये तसेच राहिले. ती थोडी हिरमुसलीच. आजीची समजूत अशी, की ज्याने मागितले नाही त्याला आपण दिलेले आठवत नाही. पुढे गायत्रीदेवी १९६७ मध्ये आणि १९७१ मध्येही जिंकल्या, पण आमच्या घरातला तो पहिला ताप पुन्हा चढला नाही.

मागायला यायचे ते दोन प्रकारचे लोक. एक जनसंघाचे, सायकलवरून, बहुधा संध्याकाळच्या शाखेनंतर. दुसरे डावे आणि समाजवादी, युनियनवाले, पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडून. जनसंघवाल्यांची पावती व्यवस्थित, कार्बन घालून. डाव्यांची पावती नसायचीच, डबा खुळखुळला की झाले. कोणाला द्यायचे हे आई पक्ष बघून ठरवत नसे. कोण मागायला आलाय ते बघायची. शेजारच्या मास्तरांचा मुलगा आला की जनसंघ, कारण तो आमच्या धाकट्याला गणित फुकट शिकवायचा. रेल्वेतले काका आले की समाजवादी, कारण त्यांनी आजीला रात्री दोन वाजता सवाई मानसिंह (एसएमएस) हॉस्पिटलात नेले होते. "ज्याला आपण ओळखतो त्याच्या हातात पैसा द्यायचा. पुढे तो कुणाला देतो ते त्याचं तो बघेल." राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला हे पटणार नाही. पण निवडणुकीच्या छोट्या देणग्यांचे सारे शास्त्र एवढेच आहे असे आम्हाला अजूनही वाटते.

आणि सगळे दान पैशाचे नव्हते. पोस्टर चिकटवायला खळ लागायची, ती आमच्या स्वयंपाकघरात शिजायची. मोठ्या पातेल्यात मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पारदर्शक होऊन पळीला धरायला लागली की उतरवायची. उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर-झुरळे पोस्टर खात नाहीत. मोरचुदाची पुडी आई फळीवर सगळ्यात वर ठेवायची आणि त्या पातेल्याला नंतर कधी अन्न लागू देत नसे. "पक्षाचं पातेलं" असेच त्याचे नाव. निवडणूक नसेल तेव्हा त्यात गेरू कालवून कुंड्या रंगवायची. रात्री नऊनंतर पोरे बादली घेऊन यायची, खळ न्यायची आणि सकाळी चांदपोलपासून सांगानेरी गेटपर्यंत गुलाबी भिंतींवर दिवे लागलेले असायचे. ज्या भिंतींचा रंग राखायला पालिका धडपडते त्यांचे आपण काय करतो, असे तेव्हा कोणाच्याच मनात आले नाही.

१९६७ ची आठवण वेगळ्या रंगाची आहे. विधानसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही, राज्यपालांनी काँग्रेसला बोलावले, शहर पेटले. ७ मार्चला जोहरी बाजारात गोळीबार झाला, माणसे मेली. संचारबंदीत आम्ही गच्चीवर आडवे पडून बाहेरचा आवाज ऐकत होतो. काही दिवसांनी राष्ट्रपती राजवट. त्या वेळी मेलेल्यांच्या घरच्यांसाठी वर्गणी फिरली. मागायला आलेल्या माणसाने पक्षाचे नाव सांगितले नाही आणि आईने विचारले नाही.

मोठा पैसा कसा असतो हे आम्हाला १९७१ मध्ये दिसले. शेजारच्या झुंझुनूहून कृष्णकुमार बिर्ला उभे होते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब पिलानीला, त्यांच्याकडे आम्ही सुट्टीत गेलो होतो. रस्त्यावर धूळ उडायची ती फक्त जीपांची. तरी ते पडले. आम्हा कॉलेजातल्या पोरांना वाटले, बघा, पैशाने मत मिळत नाही. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एकाला नाही मिळालं. एवढंच सिद्ध झालं." बाबा हिशेबतपासनीस, त्यांना एका नोंदीवरून निष्कर्ष काढलेला खपत नसे. त्यांनीच आम्हाला छागलांची गोष्ट सांगितली. टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनेत बदल करायचा होता, ते प्रकरण १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती छागला यांनी कायदा आडवा येत नाही म्हणून परवानगी दिली, पण लोकशाहीला यात धोका आहे असा इशाराही निकालात देऊन ठेवला. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली. धनादेशाने जात होते ते बंडलाने जाऊ लागले. १९८५ मध्ये बंदी उठली. या सगळ्यात डाळीच्या डब्याचे काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही.

मग आणीबाणी आली. संघावर बंदी, जनसंघाचे आणि समाजवाद्यांचे लोक आत. जनसंघाचे भैरोंसिंह शेखावत आत. गायत्रीदेवीही तिहारमध्ये. आजी तेव्हा थकली होती, तिला आम्ही महाराणींचे सांगितलेच नाही, पण तिला कुठून तरी कळले. दोन दिवस जेवली नाही. मास्तरांचा मुलगा, तो गणित शिकवणारा, एका रात्री घरातून नेला. त्याच्या बायकोचा स्वयंपाक सुरू राहावा म्हणून गल्लीतल्या बायकांनी जे केले त्याची पावती कुठेच नाही. कोणी कणकेचा डबा "जास्त झाली" म्हणून ठेवून यायचे, कोणी मुलीची फी भरून टाकायचे. बाबांना ठाऊक होते, आणि ठाऊक नव्हते. सरकारी नोकराने न बघण्याची जी कला साधली होती तिचा उपयोग त्यांनी त्या दीड वर्षात सगळ्यात चांगल्या कामासाठी केला. जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांच्या डायलिसिसच्या यंत्रासाठी लोकांकडून एकेक रुपया गोळा झाला. पंतप्रधानांच्या निधीतून आलेला ९०,००० रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला. ही बातमी आमच्याकडे पुण्याच्या आत्याच्या तोंडून आली, पत्रात लिहायची सोय नव्हती.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या आणि पाच दिवसांनी जनता पक्ष. ना पैसा, ना वेळ, स्वतःचे चिन्हही नाही. लोकदलाचा हलधर उसना घेतला. "वोट भी दो, नोट भी दो" ही घोषणा तेव्हाची. सभा संपता संपता दोघे-चौघे पलंगपोस उघडायचे, चार कोपरे धरून गर्दीतून चालू लागायचे, आणि मग तो आवाज. आधी सुट्टी नाणी, टपटप. मग कापड जड होऊन खाली लोंबायला लागले की नाण्यावर नाणे. अंधारात कोण किती टाकतो दिसत नव्हते, आणि हीच त्या चादरीची खुबी. आम्ही आमच्या डोळ्यांनी एका सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबांना मफलर नाकापर्यंत ओढून चादरीत काहीतरी टाकताना पाहिले. दुसऱ्या दिवशी तेच साहेब बाबांना वेळेवर येण्याबद्दल बोलले. बाबा घरी येऊन खूप हसले. आणीबाणी आल्यापासून ते घरात पहिल्यांदा मोठ्याने हसले, ते हे.

त्या मोसमात कूपनेही निघाली. तळहातात मावतील एवढी, पातळ कागदाची, एका कडेला टाचणीने पाडल्यासारखी भोके, मध्ये "एक रुपया", खाली रबरी शिक्क्याची सही. मागणारी पोरे आता आम्हीच होतो. जोहरी बाजारात जवाहिऱ्यांच्या गाद्यांवर गेलो, तिथे लोक हळूच पाच-दहा कूपने फाडून घ्यायचे आणि म्हणायचे, "नाम मत लिखना।" रामगंजला लहरियाची कापडे रंगवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याचे हात मनगटापर्यंत निळे. त्याने एक कूपन घेतले, एक रुपया दिला, आणि म्हणाला, "मेरा नाम लिखो। पूरा लिखो।" आम्ही लिहिले. दिवसभरातली ती एकमेव नावाची नोंद होती.

पुण्याहून आत्याची पत्रे पुन्हा मोकळेपणाने येऊ लागली. तिकडे पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांत बोलत होते. आत्याने लिहिले होते, की विनोद ऐकायला गेलो आणि डोळे पुसत आलो, येताना पर्स रिकामी. दुर्गाबाई भागवतांना आणीबाणीत पकडले होते, त्याही आता बोलत होत्या. पु. लं.चे नाव वाचल्यावर आमच्या घरातली कुंपणावरची मंडळीही जनता पक्षाची झाली. बाबांसकट. ज्याची पुस्तके उशाशी असतात त्याने सांगितलेले मत माणूस सहसा टाळत नाही. पण पु. लं.ना त्यातून काही नको होते, हे लोकांना माहीत होते, म्हणून ते नाव चालले. पाठिंबा देणाऱ्याला काय मिळणार याचा अंदाज आला की पाठिंब्याचा भाव उतरतो. हे तेव्हा खरे होते, आता जास्त खरे आहे.

मार्चमध्ये निकाल. राजस्थानात २५ पैकी २४ जागा जनता पक्षाला, काँग्रेसला एक नागौर. जयपूरहून सतीशचंद्र अग्रवाल निवडून आले आणि पुढे केंद्रात अर्थ राज्यमंत्री झाले. आई म्हणायची, "माझ्या एका रुपयाचा माणूस आता देशाच्या तिजोरीपाशी बसतो." पुढच्या जानेवारीत सरकारने हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा बंद केल्या तेव्हा ती डाळीचा डबा उघडून बघून आली आणि निर्धास्त झाली.

त्याच सुमारास आजीने एक पोस्टकार्ड लिहायला सांगितले. आमच्या भागातून निवडून आलेल्या एका पुढाऱ्याला. मजकूर असा: आपण मागितलेत तेव्हा मी एक रुपया दिला, पावती माझ्यापाशी आहे, घरापुढची नाली तुंबली आहे. पावतीचा नंबरही घातला. आम्ही लाजेने मेलो. एका रुपयाच्या बदल्यात नाली? पण ते गृहस्थ एका सकाळी खरोखर आले, अंगणातल्या खाटेपाशी वाकले आणि म्हणाले, "काकीजी, आपका रुपया तो बहुत भारी निकला।" आजी म्हणाली, "हलका असता तर तुम्ही आला नसता." नाली झाली. रस्ता व्हायला मात्र आणखी दोन निवडणुका गेल्या.

त्यानंतरचे फार सांगण्यासारखे नाही. १९८९ मध्ये राजघराण्याचे भवानीसिंह काँग्रेसकडून उभे राहिले आणि भाजपचे गिरधारीलाल भार्गव यांनी त्यांना पाडले. ज्या शहराने १९६२ मध्ये राजवाड्याला डोक्यावर घेतले त्यानेच हे केले. भार्गव पुढे ओळीने निवडून येत राहिले. पण तोवर मागायला येणारे लोक कमी झाले होते. पोस्टर छापखान्यातून गोंदासकट यायला लागली, खळ लागेना. आमच्या मुलांची पिढी बंगळूर-पुण्याला गेली. "पक्षाचं पातेलं" भंगारात गेले त्याची कोणी नोंद ठेवली नाही.

आता मुलगी फोनवरून दहा रुपये पाठवते आणि तिला वर्षभर निरोप येतात. कन्हैयाकुमारने २०१९ मध्ये बेगूसरायसाठी लोकांकडून सुमारे ७० लाख जमवले, आम आदमी पक्षाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी २० कोटी झाल्यावर "आता पुरे" म्हटले, हे तिने आम्हाला शिकवले. आम्ही तिला हातकणंगल्याचे सांगितले. २००९ मध्ये राजू शेट्टींना ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मतही दिले आणि नोटही दिली, आणि पाठवले दिल्लीला. म्हणजे चादर अजून फाटलेली नाही. पण तिचा आणि मोठ्या पैशाचा मेळ कधीच बसला नव्हता. १९७७ ची निवडणूकही आमच्या कूपनांवर जिंकली गेली असे आम्ही मुलांना सांगत असलो तरी ते अर्धेच खरे आहे. लोक चिडलेले होते, म्हणून जिंकली. कूपनाने त्या चिडलेल्या माणसाला एक काम दिले, दुसऱ्या माणसाचे दार वाजवायला लावले.

निवडणूक रोख्यांची योजना २०१८ मध्ये आली आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. हजारापासून कोटीपर्यंतचे रोखे, देणाऱ्याचे नाव गुप्त. निकालाच्या संध्याकाळी आमच्या पिढीतले चार-पाच जण सेंट्रल पार्कच्या बाकावर बसलो होतो. एक जण म्हणाला, "नाव तर आपल्या घरीही लपवत होते." त्यावर बराच वाद झाला. आमचे मत वादाच्या शेवटी होते तेच आहे. बाबांचे नाव लपत होते ते सरकारला भिऊन. आणि त्या जागी आईचे खरे नाव, खरा पत्ता लिहिला जात होता. नियमाला वळसा होता, पण कागदावर माणूस होता. रोख्यात माणूसच नव्हता. २०,००० रुपयांच्या आतल्या देणगीदाराचे नाव आजही पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावे लागत नाही. मग छोट्या देणगीदाराने आपले नाव आपणच सांभाळायला हवे.

म्हणून एक विनंती. जयपुरात असलेल्या आणि जयपूर सोडून पुण्या-मुंबईकडे परतलेल्या आमच्या वयाच्या मंडळींना. आईच्या ट्रंकेत, आजीच्या पोथीच्या फडक्यात, रेशनकार्डाच्या घडीत अशा पावत्या आणि कूपने अजून असतील. ती रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीने लिहा: कोणाच्या नावाची, कोणत्या सालची, कोण मागायला आला होता. आणि कोणत्याही पक्षाची असली तरी जपा. एका घरात दोन पक्षांच्या निघाल्या तर लाजू नका, आमच्याकडे तीन निघाल्या आहेत.